दारातले दूध आणि त्याची राखण

दारात ठेवलेली दुधाची पिशवी चोरीला जाणे हा तसा नवा प्रकार आहे. तो नवा का, हे कळले की त्यावरचे उपकरण कसे असावे हेही बरेचसे ठरते. सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा पंढरपुरी म्हशीचा मुलूख. तलवारीसारखी लांब, मागे वळलेली शिंगे असलेली ही जनावरे गवळी घरोघर नेत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देत. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यांवर या रीतीचा अवशेष अजून दिसतो. पुढे किटली आणि माप आले, तरी घरातले कोणी पातेले घेऊन उंबऱ्याशी आल्याशिवाय दूध ओतता येत नव्हते. त्या काळी भांडणे होत ती पाणी घातल्याची, माप मारल्याची. वाटेतल्या वाटेत दूध नाहीसे झाल्याची तक्रार कोणी करत नसे, कारण देणारा आणि घेणारा समोरासमोर असले की तिसऱ्याला हात घालायला जागा राहत नाही.

१९४९ मध्ये मुंबईत आरे वसाहत उभी राहिली आणि सरकारी दूध काचेच्या बाटल्यांतून मिळू लागले. पण तेही बहुतांशी केंद्रावर रांग लावून, कार्ड दाखवून, रिकामी बाटली परत करून घ्यायचे असे. खरा बदल केला तो प्लास्टिकच्या सीलबंद पिशवीने. तिला भांडे लागत नाही, ती सांडत नाही, म्हणून घेणारा झोपलेला असला तरी चालते. दूधवाला पाच वाजता पिशवी कडीला अडकवून पुढे जातो, घरातले साडेसहाला उठतात. मधला दीड तास दूध कोणाच्याच हातात नसते. या दीड तासाला आपण उघडा काळ म्हणू. चोरीचा सगळा प्रश्न त्यात सामावलेला आहे, आणि प्रत्येक उपकरणाची परीक्षा त्या काळाचे ते काय करते यावरच घ्यायला हवी.

चोरीने नेमके नुकसान काय होते? अर्ध्या लिटरची पिशवी आज तीस-पस्तीस रुपयांची. महिन्यात दोन गेल्या तर साठ-सत्तर रुपये. मला विचाराल तर एवढ्यासाठी कोणी भिंत फोडू नये. पण नुकसान तिथे थांबत नाही. आपल्याकडे रतिबाचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठेवतात. १९७३ पासून निघणाऱ्या कालनिर्णयाने तर दुधाच्या हिशेबाला मागच्या बाजूस जागाच करून दिली. ज्या दिवशी पिशवी मिळाली नाही त्या दिवशी घरात खाडा लिहिला जातो. दूधवाल्याच्या वहीत मात्र त्याच दिवशी पिशवी दिल्याची नोंद असते. महिनाअखेरीस दोन्ही आकडे समोर येतात, दोघेही खरे बोलत असतात, आणि दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास उडतो. ज्याने दूध नेले तो या भांडणात कुठेच नसतो. घरगुती उपकरणाने दुधाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हा हिशेब राखायचा असतो असे माझे मत आहे.

कायद्याची बाजू इथेच पाहून घेऊ. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे, ज्या कृतीला दोन्ही पक्षांनी पोच मानायचे ठरवले ती कृती म्हणजेच मालाची पोच. ‘कडीला पिशवी अडकवून जात जा’ असे आपणच सांगितले असेल, तर पिशवी अडकली त्या क्षणी पोच झाली. त्यानंतरची जोखीम साधारणपणे घरमालकाची. दूधवाल्याशी वाद घालणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते. फौजदारी बाजू त्याहून लंगडी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार ५,००० रुपयांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा होते ती समाजसेवेची, आणि एवढ्या रकमेची साधी चोरी अदखलपात्र धरली जाते. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासाला हात घालणार नाहीत. जिन्यातला कॅमेरा फार तर चेहरा दाखवील, दूध परत आणणार नाही. बंदोबस्त घरानेच करायचा आहे.

तो करताना चोर माणूसच असतो हे गृहीत धरू नये. मांजर, कुत्रा, कावळा, काही भागांत वानर, सगळे दावेदार आहेत. यातला सर्वांत नामांकित चोर इंग्लंडमधला चिमुकला निळा टिट पक्षी. १९२१ मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या स्वेथलिंग गावी हे पक्षी दारातल्या बाटल्यांची टोपणे उघडून वरची साय खाताना प्रथम नोंदले गेले. ही सवय देशभर पसरली आणि १९४९ मध्ये जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. लोकांनी उपाय काढला तो अगदी साधा: दारात एक पेला ठेवायचा, दूधवाल्याने तो बाटलीवर पालथा घालायचा. पक्ष्याला एवढे पुरत असे. माणसाला अर्थातच पुरत नाही, पण यातून एक तत्त्व हाती लागते. प्राण्यापासून राखायला झाकण लागते, माणसापासून राखायला अंतर किंवा अडसर. एकच साधन दोन्ही करील असे नाही. आपली कडीला टांगलेली कापडी पिशवी कुत्र्याच्या आवाक्याबाहेर असते, माणसाच्या मात्र नेमकी हाताच्या उंचीवर.

आता उपकरणांकडे. वरच्या मजल्यावरून दोरीने सोडलेली टोपली हे आपल्या वाड्यांचे जुने साधन. दूधवाल्याने हाक मारली की ती वर ओढायची. त्यात उघडा काळ शून्य, पण कोणीतरी जागे असावे लागते, आणि जागे असले तर मग टोपली तरी कशाला? अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी बाटलीच्या गळ्याला पकडणारी कुलपे निघाली. पिशवीला गळाच नाही, म्हणून तो सगळा शोध आपल्या उपयोगाचा नाही. त्याच काळात तिकडच्या घरांत भिंतीतच दूधदार ठेवण्याची पद्धत होती. भिंतीच्या जाडीत एक छोटा कप्पा, बाहेरून एक दार आणि आतून एक. दूधवाला बाहेरचे दार उघडून बाटली ठेवी, गृहिणी आतून काढून घेई. बाहेरच्या दाराला, ते एकदा लोटले की आतूनच उघडेल अशी खिट्टी बसवली, तर कुलूपही लागत नाही. मला हे सर्वांत शहाणे उपकरण वाटते, आणि सोलापुरी माणसाला ते परके वाटायचे कारण नाही. कोनाडा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त त्याची मागची बाजू उघडी करून तिला दार लावायचे.

सध्या बाजारात मिळते ती पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी: वर फट, खाली कुलूपबंद दार. तिचे परीक्षण जरा बारकाईने केले पाहिजे, कारण बहुतेक लोक तीच घेतात. अर्ध्या लिटरची पिशवी मऊ असल्याने पाचेक सेंटिमीटर उंचीच्या फटीतून सहज आत जाते. दुर्दैवाने तेवढ्या फटीतून हातही जातो. म्हणून फटीच्या आत खाली कललेली पट्टी हवी, पोस्टाच्या पेटीत असते तशी. पिशवी तिच्यावरून घसरून खाली पडते आणि मनगट मात्र तिथे वळत नाही. पट्टी नसलेली पेटी म्हणजे कुलूप लावलेले उघडे दार. तार घालून पिशवी ओढता येईल ही भीती मात्र निराधार आहे. राज्यातल्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर दुधाची पिशवी किमान ५० मायक्रॉन जाडीची असावी लागते, तरी तारेचे टोक तिला भोसकतेच. चोराच्या हाती रिकामे प्लास्टिक येईल. पेटीच्या आतल्या कडा आणि स्क्रूची टोके घासून बोथट करायला हवीत तीही याच कारणाने, नाहीतर चोराचे काम पेटीच करते.

हौशी लोक ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप भिंतीतून आत घालतात. सांडपाण्याचा हा पाइप हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळतो, आणि अर्ध्या लिटरची पिशवी गुंडाळली की जेमतेम सहा सेंटिमीटर व्यासाची होते, त्यामुळे ती अडकत नाही. आत काटकोनी बाक दिला आणि एकूण लांबी हातापेक्षा जास्त, म्हणजे पाऊण मीटरच्या पुढे ठेवली, की चोरी जवळपास अशक्य. पण आत उतरता पाइप पावसाचे पाणीही आत आणतो आणि उंदीर-पालींनाही वाट करून देतो. दोन्ही टोकांना झडप हवीच.

इथवर सगळा विचार चोराचा झाला. सोलापुरात दुधाचा आणखी एक शत्रू आहे आणि तो कुठल्याही कुलपाला जुमानत नाही. पाश्चराइझ केलेले दूध ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवायचे असते. गाडीतून, क्रेटमधून, सायकलवरून दारात येईपर्यंत ते दहा अंशांवर आले आहे असे धरू. अर्धा लिटर दूध एका अंशाने तापायला सुमारे दोन किलोज्यूल उष्णता लागते. पिशवीच्या दोन्ही बाजू मिळून साधारण ५०० चौरस सेंटिमीटर भरतात, आणि स्थिर हवेत त्यांतून तापमानाच्या दर अंश फरकामागे अर्ध्या वॅटच्या आसपास उष्णता आत शिरते. मे महिन्यातल्या २८ अंशांच्या पहाटेचा ढोबळ हिशेब मांडला तर टांगलेले दूध तासाभरात २० अंशांच्या पुढे जाते आणि दोन तासांत २५ च्या घरात पोचते. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पूर्वेच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीवर कोवळे ऊन पडले की हा हिशेबही सौम्य ठरतो. मग गॅसवर ठेवलेले दूध फाटते आणि शिव्या दूध संघाला बसतात.

पेटीला आतून दोन सेंटिमीटर थर्मोकोल लावले आणि झडप घट्ट बसत असेल, तर तेच दूध तासाभरानंतर १६ अंशांच्या आसपास राहील. दोन पिशव्या एकत्र असल्या तर आणखी थंड. ओले गोणपाट गुंडाळण्याचा घरगुती उपायही कोरड्या हवेमुळे उन्हाळ्यात चांगला चालतो. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, आणि तेव्हा गरजही कमी. दगडमातीच्या जाड भिंती असलेल्या माळवदाच्या घरांत असा कोनाडा केला तर थर्मोकोल लागणारच नाही. नवी नऊ इंची विटांची भिंत तेवढी थंड राहत नाही, पण पत्र्याच्या पेटीपेक्षा कितीतरी बरी.

हिशेबाचा प्रश्न मात्र पेटीने अर्धाच सुटतो. पट्टीची पेटी किंवा कोनाडा असेल तर चोरीची शक्यता निघून जाते. पिशवी मिळाली नाही याचा अर्थ ती आलीच नाही. कोणाला याहून पक्का पुरावा हवा असेल तर कुपनाची जुनी युक्ती आहे: रात्री बाहेरच्या खाचेत कुपन ठेवायचे, दूधवाल्याने ते घेऊन पिशवी आत टाकायची. कुपन तिथेच असेल तर खाडा, नसेल तर दूध आलेच पाहिजे.

बंद पेटीचा एक फायदा दुधाशी संबंधित नाही. घर बंद असल्याची खूण म्हणजे दहा वाजताही दारावर लोंबणारी पिशवी आणि उंबऱ्यातले वर्तमानपत्र. गावाला जाताना दूध आणि पेपर बंद करून जा, असे पोलीस सांगतात ते यासाठीच. पेटी ही खूण झाकते. पण तीच खूण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या दारावर असेल तर ती शेजाऱ्याला हाक असते; न उचललेली पिशवी पाहून कोणीतरी दार ठोठावते. अशा घराला मी बंद पेटी सुचवणार नाही. एखादी पिशवी गेली तरी चालेल.

सोलापूरपुरते सांगायचे तर एकच उपकरण सगळ्या शहराला लागू नाही. जुन्या पेठांत दारे गल्लीला लागून आहेत आणि नळाला रोज पाणी येत नाही. ज्या पहाटे पाणी सुटते त्या पहाटे सगळी गल्ली घागरी-बादल्या घेऊन जागी असते, तेव्हा पिशवीला हात लावायची कोणाची छाती नाही. राखण हवी ती उरलेल्या दिवसांची, आणि तिथे झाकणाचा डबा आणि शेजारीण एवढे पुरते. कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या वसाहतीत जे घर लागेल तेवढे दूध दुकानातून हातोहात आणते, त्याला उघडा काळच नाही. जुळे सोलापुरातले बंगले आणि रो-हाऊस हे या उपकरणाचे खरे गिऱ्हाईक: दार फाटकापासून दूर, कंपाउंडची भिंत कमरेएवढी, शेजार विरळ. तिथे घर बांधतानाच मिस्त्रीला सांगून उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीत, जमिनीपासून चार फुटांवर, दोन दारांचा कोनाडा ठेवून घ्यावा. नंतर भिंत फोडण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते. फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या घरात आतून थर्मोकोल लावलेली, पट्टीची पेटी सावलीत लावावी. आणि एप्रिल-मे मध्ये दूध सहानंतर येत असेल तर कोणत्याही पेटीच्या भरवशावर राहू नये. दूधवाल्याची वेळ अलीकडे आणून घ्यावी, नाहीतर गजर लावून उठावे आणि पिशवी हातात घ्यावी.