क्रॉन

क्रॉन हा युनिक्स आणि लिनक्स या संगणक संचालन प्रणालींमधील, ठरावीक वेळी पुनःपुन्हा करावयाची कामे आपोआप सुरू करणारा प्रोग्राम आहे. तो संगणक सुरू होताच कार्यान्वित होतो आणि पार्श्वभूमीत अखंड चालू राहतो. अशा प्रोग्रामला डीमन असे म्हणतात. माहितीच्या राखीव प्रती घेणे, जुन्या नोंदी काढून टाकणे, अहवाल तयार करून पाठवणे, प्रमाणपत्रांचे नूतनीकरण करणे अशा कामांसाठी क्रॉनचा वापर होतो. कामांचे वेळापत्रक ज्या मजकूर फाइलीत लिहिलेले असते तिला क्रॉनटॅब म्हणतात. काळ या अर्थाच्या 'क्रोनोस' या ग्रीक शब्दावरून क्रॉन हे नाव आले आहे.

क्रॉन दिलेली आज्ञा दिलेल्या मिनिटाला सुरू करतो. ते काम यशस्वी झाले की नाही, हे पाहणे त्याच्या कक्षेत येत नाही. क्रॉनच्या वापरातील बहुतेक अडचणींचे मूळ या मर्यादेत आहे.

इतिहास

बेल प्रयोगशाळेच्या १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत क्रॉनचे साधे रूप आढळते. तो दर मिनिटाला एकच सामाईक फाइल वाचत असे व तीतील कामे प्रणालीच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवत असे. पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अनेक वापरकर्त्यांना स्वतंत्र वेळापत्रके ठेवता येतील अशी आवृत्ती तयार झाली. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन मुक्त स्वरूपात उपलब्ध झाला आणि लिनक्सच्या अनेक वितरणांनी तो स्वीकारला. रेड हॅट कंपनीने २००७ मध्ये त्याच्यापासून क्रोनी नावाची शाखा काढली. फेडोरा व तत्सम वितरणांत आज हीच शाखा वापरली जाते.

क्रॉनटॅबची रचना

क्रॉनटॅबमधील प्रत्येक ओळ एका कामाची असते. तिच्या प्रारंभी वेळ दर्शवणारी पाच पदे आणि त्यानंतर आज्ञा असते. पदांचा क्रम असा :

- मिनिट : ० ते ५९
- तास : ० ते २३
- महिन्यातील दिनांक : १ ते ३१
- महिना : १ ते १२
- वार : ० ते ७ (० व ७ हे दोन्ही रविवार)

तारका (*) म्हणजे त्या पदाचे प्रत्येक मूल्य. स्वल्पविरामाने अनेक मूल्ये, जोडरेषेने पल्ला आणि तिरप्या रेषेने टप्पा दर्शवतात. 'आज्ञा' या शब्दाच्या जागी प्रत्यक्ष प्रोग्रामचा मार्ग आहे असे मानल्यास पुढील ओळ दर सोमवारी पहाटे अडीच वाजता काम सुरू करील :

३० २ * * १ आज्ञा

येथे अंक देवनागरीत दाखवले असले, तरी प्रत्यक्ष फाइलीत ते रोमन लिपीतीलच असावे लागतात. देवनागरी अंक क्रॉन ओळखत नाही आणि अशी ओळ चुकीची ठरवतो.

या रचनेतील दोन नियम अनेकदा फसवे ठरतात. पहिला टप्प्याविषयी आहे. मिनिटाच्या पदात */४० लिहिल्यास काम दर चाळीस मिनिटांनी होत नाही. ते प्रत्येक तासाच्या शून्याव्या व चाळिसाव्या मिनिटाला होते, म्हणजे आलटून पालटून चाळीस व वीस मिनिटांच्या अंतराने. दुसरा नियम दिनांक व वार यांविषयी आहे. ही दोन्ही पदे भरली असतील, तर त्यांपैकी कोणतेही एक जुळले तरी काम सुरू होते. '० ९ १३ * ५' ही ओळ तेरा तारखेला येणाऱ्या शुक्रवारापुरती मर्यादित राहत नाही. प्रत्येक तेरा तारखेला आणि प्रत्येक शुक्रवारी ती लागू होते.

आपले वेळापत्रक संपादित करण्यासाठी क्रॉनटॅब आज्ञेला 'ई', पाहण्यासाठी 'एल' व पुसून टाकण्यासाठी 'आर' हा पर्याय देतात. इंग्रजी कळफलकावर 'ई' व 'आर' शेजारी आहेत आणि 'आर' दिल्यावर सहसा कोणतीही विचारणा न होता संपूर्ण वेळापत्रक नाहीसे होते. त्यामुळे वेळापत्रकाची वेगळी प्रत ठेवणे इष्ट असते.

भारतीय प्रमाणवेळ आणि क्रॉन

क्रॉन संगणकाच्या स्थानिक घड्याळानुसार चालतो. भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर मात्र वैश्विक प्रमाणवेळेवर ठेवलेले असतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. लिनक्सच्या कालविभाग सूचीत ती 'आशिया/कोलकाता' या नावाने नोंदलेली आहे. हा फरक विचारात न घेतल्यास मध्यरात्रीसाठी योजलेले काम भारतात पहाटे साडेपाचला सुरू होते.

उदाहरणार्थ, भिवंडी परिसरातील एखाद्या गोदामाच्या मालसाठ्याची राखीव प्रत दर सोमवारी पहाटे अडीच वाजता घ्यावयाची आहे, असे समजू. सर्व्हर वैश्विक वेळेवर असेल, तर वर दिलेली ओळ सोमवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे दिवसाची वर्दळ सुरू होण्याच्या सुमारास लागू होईल. योग्य ओळ अशी :

० २१ * * ० आज्ञा

येथे तासाबरोबर वारही बदलला आहे, कारण भारतातील सोमवारची पहाट ही वैश्विक वेळेनुसार रविवारची रात्र असते. महिन्याच्या एक तारखेच्या कामात अधिक गुंतागुंत होते. भारतातील एक तारखेची पहाट तेथे आदल्या महिन्याची अखेर असते आणि 'महिन्याचा शेवटचा दिवस' असे सांगण्याची सोय पारंपरिक क्रॉनमध्ये नाही. अशा वेळी काम २८ ते ३१ या तारखांना सुरू करून, भारतीय वेळेनुसार एक तारीख लागली आहे का हे प्रोग्राममध्येच तपासतात.

क्रोनीमध्ये वेळापत्रकाच्या प्रारंभी कालविभाग नोंदवण्याची सोय आहे. सर्वच क्रॉनमध्ये ती नसते. संगणकाचा कालविभाग बदलल्यास क्रॉन पुन्हा सुरू करणे आवश्यक असते. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे-मागे केली जात असल्याने त्या रात्री एखादे काम वगळले जाण्याचा किंवा दोनदा होण्याचा धोका असतो. भारतात आज अशी पद्धत नसल्याने ही अडचण येथे उद्भवत नाही.

वापरातील अडचणी

हाताने चालवल्यावर बिनचूक होणारे काम क्रॉनद्वारे फसते, ही नेहमीची तक्रार आहे. क्रॉन आज्ञा चालवताना वापरकर्त्याचे नेहमीचे वातावरण वापरत नाही. प्रोग्राम शोधण्याच्या जागा त्याच्याकडे मोजक्याच असतात. म्हणून आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहितात. भाषाविषयक मांडणी न मिळाल्यास देवनागरी नावांच्या फायली किंवा मजकूर हाताळताना काही प्रोग्राम अडखळतात. ती मांडणी वेळापत्रकात स्पष्टपणे द्यावी लागते. टक्क्याचे चिन्ह क्रॉनटॅबमध्ये नव्या ओळीचे चिन्ह मानले जाते. फाइलीच्या नावात दिनांक घालताना हे चिन्ह लागते. तेव्हा त्याच्याआधी उलटी तिरपी रेषा द्यावी लागते.

आधीचे काम पूर्ण होण्यापूर्वीच पुढची वेळ आली, तर क्रॉन दुसरे काम सुरू करतो आणि दोन्ही कामे एकाच माहितीवर चालू लागतात. हे टाळण्यासाठी एफलॉक या साधनाने कुलूप लावतात. तसेच ठरलेल्या वेळी संगणक बंद असेल, तर क्रॉन ते काम नंतर भरून काढत नाही. रात्री बंद होणाऱ्या अथवा वीजपुरवठा खंडित होणाऱ्या ठिकाणच्या संगणकांसाठी ॲनाक्रॉन उपयुक्त ठरतो. तो काम शेवटचे कोणत्या दिवशी झाले याची नोंद ठेवतो आणि राहिलेले काम संगणक सुरू झाल्यावर करतो. मात्र एका दिवसाहून कमी अंतराची कामे त्याला देता येत नाहीत.

न कळलेले अपयश : २०१७ची घटना

आज्ञेतून काही मजकूर बाहेर आल्यास क्रॉन तो वापरकर्त्याला ईमेलने पाठवतो. ईमेल पोहोचण्याची व्यवस्था नसेल, तर अपयशाची वार्ताही हरवते. याचे बोलके उदाहरण म्हणजे गिटलॅब या संगणकीय कोश साठवणाऱ्या सेवेची घटना. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याकडून मुख्य विदागाराची माहिती चुकून पुसली गेली. दररोज क्रॉनद्वारे घेतली जाणारी राखीव प्रत शोधली असता ती अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. विदागार ९.६ आवृत्तीचे होते, पण प्रत घेणारे साधन ९.२ आवृत्तीचे चालत होते. त्यामुळे प्रत्येक वेळी काम त्रुटी देऊन थांबत होते. त्रुटीचे ईमेल निघत होते, परंतु प्रेषकाची सत्यता पडताळणाऱ्या डीमार्क पद्धतीत ते न बसल्याने स्वीकारले जात नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कारणासाठी घेतलेली एक प्रत उपलब्ध असल्याने सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या काळातील माहिती मात्र गेली. कंपनीने हा सर्व तपशील स्वतःच प्रसिद्ध केला.

प्रणालीच्या नोंदवहीत क्रॉनने काम सुरू केल्याची ओळ आढळते. ती काम यशस्वी झाल्याचा पुरावा नव्हे. म्हणून कामाचे निष्पन्न व त्रुटी वेगळ्या फाइलीत नोंदवणे, यशस्वी कामानंतर खूण पाठवून ती न आल्यास इशारा देणारी व्यवस्था ठेवणे आणि राखीव प्रतीतून माहिती खरोखर परत मिळते का हे अधूनमधून तपासणे, हे उपाय योजले जातात.

पर्याय

एखादे काम भविष्यात एकदाच करावयाचे असल्यास 'ॲट' ही आज्ञा वापरतात. सिस्टीमडी वापरणाऱ्या वितरणांत टायमर ही सोय आहे. तीत वेळेसोबत कालविभाग लिहिता येतो, हुकलेले काम नंतर करता येते आणि आधीचे काम चालू असताना तेच पुन्हा सुरू होत नाही. त्यासाठी सामान्यतः वेळेची व कामाची अशा दोन फायली लिहाव्या लागतात. क्रॉनमध्ये मात्र एका कामाला एकच ओळ पुरते, त्यामुळे साध्या कामांसाठी त्याचा वापर आजही प्रचलित आहे.