वार्धक्य आणि विम्याची निवड



विम्याचा धंदा माणसाच्या भीतीवर उभा आहे. परंतु जेथें भीति सर्वांत मोठी, त्या म्हातारपणाच्या उंबरठ्यावरूनच तो पूर्वीं काढता पाय घेत असे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हें कसें पालटलें, तें पाहणें बोधप्रद आहे.

१९४५ च्या नोव्हेंबरांत अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनीं सर्व नागरिकांसाठीं आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढें मांडली. डॉक्टरांच्या प्रबळ संघटनेनें तिला कडवा विरोध केला व ती बारगळली. पुढें अधिकाधिक नोकरदारांना मालकांमार्फत विमा मिळूं लागला. पण नोकरी सुटली कीं बहुधा विमाही सुटे. अखेर ३० जुलै १९६५ रोजीं लिंडन जॉन्सन यांनीं ट्रूमन यांच्याच गांवीं जाऊन ‘मेडिकेअर’च्या कायद्यावर सही केली, आणि पहिले सभासद म्हणून वृद्ध ट्रूमन यांचें नांव नोंदलें गेलें.

या कायद्यानें पासष्टीपुढील लोकांना एका पंक्तीस बसविलें. परंतु पंगत एक असली, तरी प्रत्येकाची भूक निराळी असते. मेडिकेअर इस्पितळाचा खर्च सोशी; मात्र ज्याला वर्षानुवर्षें न्हाऊं घालावें लागतें, भरवावें लागतें, त्याच्या शुश्रूषेचा भार ती उचलीत नसे, आजही उचलीत नाहीं.

यावर एक वाट सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीनें दाखविली. वडीलधाऱ्यांना परक्या शुश्रूषागृहांत धाडणें तेथील कुटुंबांना रुचेना. १९७१ सालीं तेथें ‘ऑन लोक’ ही संस्था निघाली व १९७३ मध्यें तिनें दिवसा देखभाल करणारें केंद्र उघडलें. डॉक्टर, परिचारिका, जेवण, व्यायाम, ने-आण, सारें एका मंडळाच्या हातीं आलें. पुढें पैसेही दर उपचारामागें न मिळतां दर माणशीं ठराविक मिळूं लागले. त्यामुळें म्हातारा घरीं हिंडता-फिरता राहण्यांतच संस्थेचें हित होतें. १९९७ च्या कायद्यानें या पद्धतीला मेडिकेअरमध्यें कायमचें स्थान दिलें.

२००३ च्या कायद्यानें विमा कंपन्यांनाही ‘विशेष गरजांच्या योजना’ काढण्याची मुभा मिळाली. त्यांचे तीन वर्ग आहेत: मेडिकेअर आणि गरिबांसाठीं असलेली मेडिकेड या दोहोंचे हक्कदार, शुश्रूषागृहांत राहणारे, किंवा घरीं राहूनही तितक्याच देखभालीची गरज असणारे, आणि मधुमेह, हृदयविकार, स्मृतिभ्रंश यांसारख्या जुनाट विकारांचे रोगी. २०१८ सालीं या योजना कायम झाल्या.

तथापि दर माणशीं ठराविक रकमेची नीति दुधारी आहे. तिनें देखभाल सुधारते. तशीच, वांचेल तो नफा म्हणून, देखभालीला कात्रीही लागूं शकते. म्हणून निवड करणाऱ्यानें आधीं हप्ता पाहूं नये. आधीं रोग्याचा दिवस पाहावा. त्याचा नेहमीचा डॉक्टर यादींत आहे काय? त्याचीं औषधें बसतात काय? कोणत्या उपचारांस पूर्वपरवानगी लागते? इस्पितळांतून परतल्यावर त्याची विचारपूस कोण करणार? १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या वार्षिक मुदतींत हे प्रश्न कागदावर लिहून विचारावे.

सर्वांना विमा मिळावा यासाठीं एका पिढीनें झगडा केला. तो ज्याच्या त्याच्या दुखण्याला बेतून मिळावा, यासाठीं दुसरीनें. आतां तो ज्याच्यासाठीं घ्यावयाचा, त्याच्याजवळ बसून त्याला काय हवें तें विचारणें, एवढेंच घरच्या माणसांकडे उरतें. आणि तें कोणताही कायदा त्यांच्यावतीनें करूं शकत नाहीं.