पिचलेल्या मणक्याची कथा

वार्धक्यात पाठीला पोक यावयाचेच, अशी आपली पूर्वापार समजूत. जयपूरच्या जुन्या हवेलीत काय किंवा जळगावच्या वाड्यात काय, कळशी उचलताना पाठीत एकाएकी कळ आली की म्हातारी अंथरूण धरी आणि घरची माणसे वयाला दोष देत. हाडे विरळ होऊन मणका आतल्या आत पिचला आहे, हे पुष्कळदा कोणाच्या ध्यानीही येत नसे. विश्रांती, वेदनाशामक औषधे आणि कमरेचा पट्टा, एवढाच काय तो इलाज.

१९८४ साली फ्रान्समधील आमियाँ येथे शल्यतज्ज्ञ गालिबेर आणि क्ष-किरणतज्ज्ञ देरामों यांनी निराळी वाट शोधली. ५४ वर्षांच्या एका स्त्रीच्या मानेचा दुसरा मणका रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरला होता. त्यांनी सुईवाटे त्यात अस्थिसिमेंट भरले आणि वेदना शमली. पुढे हाच उपचार विरळ हाडांच्या पिचलेल्या मणक्यांसाठी रूढ झाला. प्रथम फुग्याने मणका उचलून मग सिमेंट भरण्याची रीतही निघाली. जयपूरच्या रुग्णालयांतही आज हे उपचार होतात.

परंतु २००९ साली या यशाची कसोटी लागली. दोन चाचण्यांत काही रुग्णांवर खरा उपचार झाला, तर काहींवर, त्यांच्या संमतीने, नुसता देखावा. वेदना दोहोंकडे जवळजवळ सारखीच उतरली! २०१६ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतील ताज्या अस्थिभंगांना लाभ दिसला. वाद अद्याप मिटलेला नाही.

वेदना वयाच्या खाती टाकून मोकळे होणे जितके चूक, तितकेच उपचार न पारखता स्वीकारणेही चूक, हाच या कथेचा बोध.