अठरा क्रियापदांची इंग्रजी

इंग्रजी शिकायला नुकती सुरुवात केलेल्या माणसाला किती क्रियापदे पुरतात? प्रश्न शाळामास्तरांच्या खोलीतला वाटतो. पण १९३० नंतरची वीस वर्षे या प्रश्नाने केंब्रिजचे पंडित, ढाक्याचे शिक्षणाधिकारी आणि खुद्द ब्रिटनचे पंतप्रधान यांना गुंतवून ठेवले होते. त्या वादाचा इतिहास मी चाळू लागलो तो केवळ कुतूहलापोटी. पुढे लक्षात आले की त्यात आपल्या मराठी शाळांचा एक जुना प्रश्न दडलेला आहे: अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय लागते?

सुरुवात चार्ल्स के. ऑग्डेन या केंब्रिजच्या विद्वानापासून करावी लागते. १९२३ साली आय. ए. रिचर्ड्स यांच्यासोबत त्याने ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ हा अर्थविचारावरचा गाजलेला ग्रंथ लिहिला. शब्दांच्या व्याख्या करता करता या दोघांना दिसले की कोणत्याही शब्दाची व्याख्या करा, काही मोजके शब्द पुन्हापुन्हा येतात. मग तेवढ्याच शब्दांत सगळे व्यवहार का होऊ नयेत? १९३० साली ऑग्डेनने ‘बेसिक इंग्लिश’ जाहीर केली. एकूण शब्द ८५०. त्यांत ६०० वस्तूंची नावे, १५० गुणवाचक शब्द आणि उरलेले १०० भाषेचे यंत्र चालवणारे. या शंभरांत क्रियापदे फक्त अठरा: कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, सीम, टेक, बी, डू, हॅव, से, सी, सेंड आणि साहाय्यक म्हणून मे व विल.

इंग्रजीत क्रियापदे हजारोंनी आहेत. ती अठरावर कशी आली? ऑग्डेन हा जेरेमी बेंथमचा अभ्यासक. क्रियापद हातातून निसटते, नाम हाती राहते, असे बेंथमचे मत होते. ऑग्डेनने त्याला व्यवहारात उतरवले. ‘एंटर’ नको, ‘गो इन’ म्हणा. ‘डिसेंड’ नको, ‘गो डाउन’ म्हणा. ‘आस्क’ हे क्रियापदही नको, ‘पुट अ क्वेश्चन’ म्हणा. क्रिया म्हणजे हालचाल, आणि हालचालीचे मूळ प्रकार थोडेच; त्यांना दिशा दाखवणारा एखादा शब्द जोडला की काम भागते, असा त्याचा हिशोब होता.

वाचकांना यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. मराठी हेच रोज करते. मदत करणे, फोन करणे, सुरू करणे, माफ करणे. नाम किंवा विशेषण कुठूनही आणावे आणि त्याला ‘करणे’ जोडावे. फारसीतून ‘जमा’ आला, त्याचे ‘जमा करणे’ झाले. इंग्रजीतून ‘डाउनलोड’ आला, त्याचे ‘डाउनलोड करणे’ झाले. जी युक्ती ऑग्डेनला इंग्रजीसाठी मुद्दाम बसवावी लागली, ती आपल्याकडे निरक्षर माणसाच्याही जिभेवर असते.

पण या साधेपणाला एक दुसरी बाजू होती आणि ती दाखवणारा माणूस बंगालमध्ये बसला होता. मायकेल वेस्ट हे इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधले अधिकारी. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. बंगालमधील द्वैभाषिकतेवरचा त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पाहिले की बहुसंख्य मुले शिक्षण पुरे होण्याआधीच शाळा सोडतात. अभ्यासक्रम मात्र असा आखलेला की त्याचे फळ शेवटच्या इयत्तेत पोचणाऱ्यालाच मिळावे. वेस्ट यांनी विम्याच्या धंद्यातला एक शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. विमा मध्येच सोडला तर जी रक्कम परत मिळते, ती. तिसऱ्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाला त्याच्या तीन वर्षांच्या इंग्रजीचे काय मूल्य परत मिळते, असा त्यांचा सवाल होता. त्यांचे उत्तर होते, वाचन. थोड्या पण नेमक्या निवडलेल्या शब्दांची, पायरीपायरीने चढत जाणारी पुस्तके त्याच्या हाती द्या. शाळा सुटली तरी वाचन सुटणार नाही. त्यांची ‘न्यू मेथड’ वाचनमाला या विचारातून निघाली.

म्हणजे शब्द कमी करायला वेस्ट यांचा विरोध नव्हता. त्यांचा विरोध फसव्या मोजणीला होता. १९३४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह बेसिक इंग्लिशची चिकित्सा प्रसिद्ध केली. ‘पुट’ एक शब्द मोजला, ‘अप’ दुसरा, ‘विथ’ तिसरा. पण ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हा अर्थ त्या तिन्हींपैकी एकातही नाही. तो वेगळाच शिकावा लागतो. अठरा क्रियापदे आणि दिशादर्शक शब्द यांच्या जोड्या मोजल्या, तर शिकणाऱ्यावरचे ओझे कितीतरी पटींनी वाढते. यादीत मात्र ते दिसत नाही.

याचा पडताळा मराठीत घेता येतो. ‘खाणे’ हा एक शब्द परदेशी माणसाला शिकवला. त्याला भाकरी खाणे कळेल. मग मार खाणे, भाव खाणे, हवा खाणे, पैसे खाणे, डोके खाणे? यादीत शब्द एकच, पण शिकायच्या गोष्टी सहा. भाषेतले सगळ्यात सोपे वाटणारे शब्द हेच सगळ्यात जास्त गुंतागुंतीचे असतात, कारण ते सगळ्यांच्या हातांतून रोज फिरत आलेले असतात.

रूपांचेही तसेच. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ का, हा पहिल्या वर्षाच्या मुलाचा रास्त प्रश्न आहे. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप. ते ‘गो’च्या घरात येऊन राहिले. पण मराठीत ‘जाणे’चा भूतकाळ ‘गेला’ का? ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूकडून आले, ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’पासून. ‘होणे’ हे ‘भू’चे वंशज, ‘झाला’ हे ‘जन्’च्या ‘जात’चे. इंग्रजी ‘बी’ची तर तीन घराणी आहेत: ‘बी’ हे आपल्या ‘भू’चे सख्खे भावंड, ‘इज’ हे ‘अस्’चे आणि ‘वॉज’ हे ‘वस्’ म्हणजे राहणे याचे. करणे–केले, देणे–दिले, घेणे–घेतले, म्हणणे–म्हटले ही मराठीची अनियमित रूपेही रोजच्या वापरातलीच आहेत. जी रूपे क्वचित लागतात ती विस्मरणात जातात आणि नियमाच्या साच्यात बसवली जातात. जी दिवसातून शंभरदा तोंडी येतात, ती आपला जुना वाकडेपणा टिकवून धरतात.

पुढची हकीगत राजकारणाची आहे. ६ सप्टेंबर १९४३ रोजी चर्चिल यांनी हार्वर्ड विद्यापीठातल्या भाषणात बेसिक इंग्लिशचा जाहीर पुरस्कार केला. आगामी साम्राज्ये मनांची असतील, असे त्यांचे त्या भाषणातले प्रतिपादन होते. ही योजना मग केवळ शिक्षणाची उरली नाही. रूझवेल्ट यांनी एका पत्रात तिची गंमत केली: चर्चिल यांच्या प्रसिद्ध भाषणातले अश्रू आणि घाम बेसिकमध्ये डोळ्यांचे पाणी आणि तोंडाचे पाणी झाले असते. युद्धानंतर ब्रिटिश सरकारने ऑग्डेनकडून २३ हजार पौंडांना हक्क विकत घेतले, आणि सरकारी फायलींत चळवळीचा जोर ओसरला. युद्धकाळात बीबीसीच्या हिंदुस्थानसाठीच्या विभागात काम करणाऱ्या जॉर्ज ऑरवेल यांनाही बेसिकमध्ये रस होता. १९४९ साली त्यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये शब्द कमी करून विचारच अशक्य करणारी भाषा अवतरली.

वेस्ट यांचे काम मात्र टिकले. १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा येतो, याचेही प्रमाण त्यात दिले होते. शब्द मोजू नका, अर्थ मोजा, हे त्यांचे जुने म्हणणे त्यांनी आकड्यांत मांडले.

आता आपल्याकडे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण आले. २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. दोन्ही वेळा वाद झाला तो इयत्तेवरून. कधी सुरू करायचे, यावर आपण हिरिरीने भांडलो. मध्येच सोडणाऱ्याला काय मिळणार, हा ढाक्याचा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. शाळेत क्रियापदांची तीन रूपे पाठ करण्याची प्रथा आहे: गो, वेंट, गॉन. शाळा सोडलेल्या मुलाजवळ हीच तीन रूपे उरतात. पण ‘गेट’ एकदा मिळणे, एकदा होणे, एकदा पोचणे, एकदा समजणे कसे होते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. दुकानात, कारखान्यात किंवा मोबाइलच्या पडद्यावर त्याची गाठ पडते ती नेमकी त्याच अर्थांशी.

माझ्या मते ऑग्डेन आणि वेस्ट दोघांकडूनही घेण्यासारखे आहे. थोड्या क्रियापदांवर भर द्यावा, हे ऑग्डेनचे बरोबर. ती थोडी दिसली तरी थोडी नसतात, हे वेस्ट यांचे बरोबर. आणि या दोघांच्या हाती नसलेली एक गोष्ट मराठी शिक्षकाच्या हाती आहे. ‘मनावर घेणे’ ज्या मुलाला कळते, त्याला ‘टेक टू हार्ट’ परके वाटायचे कारण नाही. ‘गेला’ आणि ‘जाणे’ ज्याच्या तोंडी एकत्र नांदतात, त्याने ‘वेंट’ला घाबरू नये. मराठी वर्गाबाहेर ठेवून इंग्रजी शिकवण्याचा आग्रह धरणारे हे भांडवल वापरतच नाहीत. ते वापरले, तर तिसऱ्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलालाही काहीतरी परत मिळेल.