तेलविहीर कशी खोदतात? बिटपासून ‘ख्रिसमस ट्री’पर्यंत

शेतातल्या बोअरवेलला पाणी लागलं की मोटर सोडायची, काम झालं. तेलविहिरीचं तसं नाही. तेल लागणं म्हणजे अर्धंच काम. खोल दाबाखाली असलेलं तेल आणि गॅस ताब्यात ठेवून वर आणणं हे उरलेलं अर्धं.

बडोदा-भरूच पट्ट्यातल्या वाचकांना हा विषय नवा नाही. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं. तिथल्या विहिरीला पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ नाव दिलं. पुढे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ रिगने मुंबई हायचं तेल शोधलं.

खोदाई कशी होते?

रिगचा उंच मनोरा म्हणजे डेरिक. त्याला टांगलेले सुमारे ३० फुटी पाइप एकाला एक जोडत खाली सोडतात. टोकाला बिट असतो, तो फिरत खडक फोडतो. पाइपमधून खास तयार केलेला चिखल, म्हणजे ‘मड’, खाली पंप करतात. तो बिट थंड ठेवतो आणि बाहेरच्या बाजूने वर येताना खडकाचा चुरा घेऊन येतो. वर चाळणीवर चुरा वेगळा होतो, मड पुन्हा खाली जातो.

मडचं खरं काम मात्र दाब धरण्याचं. एक किलोमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा तळाशी दाब साधारण १०० वातावरणांइतका असतो. खडकातला दाब त्याहून जास्त असेल तर मडमध्ये बराइट मिसळून तो जड करतात. मड हलका पडला तर तेल-गॅस विहिरीत घुसतो. अशा वेळी तोंडावर बसवलेला बीओपी, म्हणजे जाड झडपांचा संच, विहीर बंद करतो.

केसिंग आणि सिमेंट

ठरावीक खोलीला पोलादी केसिंग उतरवून तिच्या आणि खडकाच्या मधल्या फटीत सिमेंट भरतात. खाली आणखी लहान व्यासाचं भोक, पुन्हा केसिंग. त्यामुळे वरच्या थरातलं गोडं पाणीही सुरक्षित राहतं. सिमेंट घट्ट झालं का, हे तपासल्याशिवाय पुढे जायचं नसतं.

कम्प्लिशन म्हणजे काय?

तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं नसतं, खडकाच्या बारीक छिद्रांत असतं. म्हणून तेलाच्या थरासमोर छोटे स्फोट करून केसिंग आणि सिमेंटला भोकं पाडतात. आत ट्यूबिंग सोडतात, पॅकरने बाजूची जागा बंद करतात. वर झडपांचा जो संच बसतो त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. दाब कमी पडला की पंप लावावा लागतो.

चूक कुठे महागात पडते?

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’वर तळाच्या सिमेंटने गॅस रोखला नाही, बीओपीही विहीर बंद करू शकला नाही. ११ जणांचा जीव गेला. आसामात बाघजानला २७ मे २०२० रोजी दुरुस्तीचं काम चालू असताना गॅस उसळला. ९ जूनला आग लागली, दोन अग्निशमन जवान गेले. आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला.

म्हणून या धंद्यातला साधा नियम: विहिरीला कधीही एकाच अडसरावर सोडायचं नाही. मड, सिमेंट, बीओपी यांपैकी एक काढायचा असेल तर आधी दुसरा तपासून घ्यायचा. घाई इथे परवडत नाही.