ॲटिट्यूड, पवित्रा, वृत्ती

मंडळी, आपल्या यवतमाळात चौकात घटकाभर उभे राहिलो तरी हा शब्द कानावर पडतो. "त्याले लय ॲटिट्यूड हाय." म्हणजे तोरा आहे, भाव खातो. हाच शब्द नोकरीच्या मुलाखतीला गेला की गुण होऊन बसतो.

मुळात हा शब्द शरीराचा. 'योग्यता' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघून तो इटालियन, फ्रेंच असा फिरत सतराव्या शतकात इंग्रजीत आला, तो चित्रकारांबरोबर. चित्रातली आकृती कशी उभी आहे, एवढंच तो सांगायचा. मनाकडे तो पुढे वळला. आपला 'पवित्रा' याच वाटेने आलाय. तो आखाड्यातला शब्द : पाय कुठे, हात कुठे, भार कशावर. आता वर्तमानपत्रात संघटना 'आंदोलनाचा पवित्रा' घेतात, तेव्हा लंगोट कुणाला आठवत नाही!

आपल्याच जिल्ह्यात मात्र एकदा शरीर आणि मत एकत्र आले होते. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. इथे समुद्र नव्हता. पण गुरं चारायला, सरपण आणायला जंगल कायद्याची आडकाठी होती. अण्यांची मतं सरकारला आधीपासून ठाऊक होती. हा वकील माणूस गवताला वाकला, तेव्हा अटक झाली.

वर्गात आम्ही ॲटिट्यूडला 'वृत्ती' म्हणायचो. पतंजलींनी चित्ताच्या वृत्ती सांगितल्या, ते ठीकच. पण जुन्या मराठी कागदपत्रांत वृत्ती म्हणजे वतन, पोटाचं साधन. 'शिष्यवृत्ती'त तो अर्थ अजून जिवंत आहे. जोशाची वृत्ती बुडाली म्हणजे त्याचा स्वभाव बिघडला असं नव्हे, उत्पन्न गेलं.

हे आज काढायचं कारण असं, की आपल्याकडे शेतकऱ्याने जीव दिला की 'सकारात्मक वृत्ती हवी' म्हणून व्याख्यानं होतात. मनाचं दुखणं खरं असतं, त्याला डॉक्टर हवाच. पण कापसाचा भाव पडलेल्या, कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला वृत्ती सुधार म्हणताना आपण कोणती वृत्ती म्हणतो? २००६ साली केंद्राने यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पैसा किती पोचला हा प्रश्न वेगळा. पण त्यात थकीत व्याजाची माफी होती, सिंचन होतं. तिथे तरी सरकारने वृत्तीचा जुना अर्थ धरला होता.