परका मास्तर आणि दोन साष्टी

व्हिएतनाममधल्या शाळांत इंग्रजी शिकवायला बाहेरून जाणारे शिक्षक, हा आजचा विषय ठाणे-डोंबिवलीला बसून ऐकताना लांबचा वाटेल. पण पदवी आहे, अध्यापनाचं प्रमाणपत्र घेतो, मग तिकडे नोकरी मिळेल का, हा प्रश्न इथली तरुण मुलं आता आम्हांलाही विचारतात. तिथे गेलं की पहिली विचारणा असते ती जन्माची. इंग्रजी तुमची मातृभाषा आहे का? नसेल तर भाषेवर प्रभुत्व असल्याचा वेगळा दाखला आणा. भारतीय उमेदवार बहुधा या दुसऱ्या रांगेत उभा असतो.

म्हणजे प्रश्न असा की परक्या देशात भाषा शिकवणाऱ्याची योग्यता कशावरून ठरवायची? उत्तरासाठी आपण जरा इतिहासात जाऊ.

ठाणं ज्या बेटावर वसलं आहे ते साष्टी. गोव्यातही एक साष्टी आहे, तिथला तालुका. त्या गोव्याच्या साष्टीत थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू राहिला. 1579 साली तो गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये वारला. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्याचं नाव घेतात. आता गंमत बघा. या पहिल्या इंग्रजाची आठवण आपण इंग्रजी शिकवणारा म्हणून ठेवलेली नाही. तो इथली भाषा शिकला. त्याचं ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. कोंकणीचं त्याचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये आलं.

स्टीफन्स वारला त्याच 1619 साली आविन्योंचा आलेक्सांद्र द रोद हा दुसरा जेझुइट गोव्याला पोचला. 1622 मध्ये तो पुढे निघाला आणि 1624 च्या अखेरीस व्हिएतनामात उतरला. तिथे फ्रांसिस्को द पिना वगैरे त्याच्या आधीच्या लोकांनी ती भाषा रोमन लिपीत मांडायला सुरुवात केली होती. ते काम रोदने पुढे नेलं. त्याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश 1651 मध्ये रोमला छापला गेला. आज व्हिएतनामी मूल जी अक्षरं गिरवतं त्यांची मुळं या कामात आहेत.

पण लगेच हार घालायला नकोत. हे लोक धर्मप्रसारासाठी आले होते, आणि त्यांच्या पाठीशी सत्ता होती. ज्या पोर्तुगीज राज्यात ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, त्याच राज्याने 1684 मध्ये कोंकणीच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. तिकडे व्हिएतनामात ती रोमन लिपी फ्रेंच अमदानीत सरकारी झाली, आणि 1945 मध्ये स्वतंत्र सरकारने निरक्षरता हटवायला तीच लिपी हाती घेतली. मास्तराने आणलेल्या वस्तूचं पुढे काय करायचं, हे शेवटी विद्यार्थी ठरवतात.

आपल्याकडेही तेच झालं. सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनची अविवाहित बाई 1827 च्या अखेरीस मुंबईत आली, मराठी शिकली आणि मुलींच्या शाळा चालवू लागली. पुढे ती अहमदनगरला गेली आणि 1862 मध्ये वारली. नगरच्या तिच्या शाळांवरून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली. मिशनचा हेतू एक होता, फुल्यांनी त्यातून जे उभं केलं ते वेगळंच.

आणि इंग्रजी? पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर 1832 मध्ये, विशीत असताना, ‘दर्पण’च्या एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी छापत होते. पुढे एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी अध्यापनही केलं. 1880 मध्ये पुण्यात चिपळूणकर-टिळकांनी शाळा काढली तिचं नावच न्यू इंग्लिश स्कूल. इंग्रजी हवीच, पण शिकवणारे आपले. या मंडळींपैकी कुणाचीही ती मातृभाषा नव्हती, बरं का.

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने 1949 मध्ये एक भेद मांडला होता. एखादी गोष्ट करता येणं वेगळं आणि त्या गोष्टीविषयी माहिती असणं वेगळं. जन्माने भाषा येते ती पहिल्या प्रकारची. शिक्षकाला दोन्ही लागतात. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदं नाहीत, म्हणून आपली मुलं तिथे अडखळतात. ती कुठे लावायची हे घोकून शिकलेल्या मास्तराला ती अडचण कळते. व्हिएतनामीत क्रियापद काळानुसार बदलत नाही, म्हणून तिथलं मूल ‘येस्टरडे आय गो’ म्हणतं. त्याला मूर्ख ठरवायचं की त्याची भाषा समजून घ्यायची? तिकडच्या उत्तरेच्या बोलीत ‘मा’ हे एकच अक्षर सहा सुरांत सहा अर्थांचं होतं. आई, भूत, थडगं, भाताचं रोपसुद्धा. हे सूर चुकवत जो शिकला, त्याला वर्गातल्या चुकांची लाज वाटणार नाही आणि तो मुलांनाही ती वाटू देणार नाही.

जन्म बघून रांग लावणं अन्यायाचं आहे, यात शंका नाही. पण तो अन्याय एकट्या व्हिएतनामचा नाही. आपल्या गल्लीतले पालक इंग्रजीचा क्लास निवडताना बाईंचं शिकवणं आधी बघतात की बाईंचे उच्चार? आपण घरात जी रांग लावतो, तीच तिकडे आपल्या मुलांना लावली जाते.

म्हणून जाणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं. दाखले न्या, ते लागतीलच. पण पहिले सहा महिने तिथल्या भाषेचे विद्यार्थी व्हा. दोन्ही साष्टींच्या लोकांना हे कळायला जड जाऊ नये. प्रश्न असतील तर विचारा, आम्ही थांबलो आहोत.